सशाच्या पोटातला साबुदाणा

तात्या, गेल्या मंगळवारी दवाखान्यात एक मेलेली शेळी आली. मी तिचं पोट उघडलं, काळीज हातात घेतलं आणि टेबलावरच्या दिव्याखाली बघायचं सोडून सरळ बाहेर उन्हात आले. आमचा परिचर मागून म्हणाला, मॅडम, आत लाईट हाय की. त्याला काय सांगणार? तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले होते आणि माझे हात अजून तुमचंच ऐकत होते. काळीज उन्हातच बघायचं, आधी कडा बघायच्या, मग मधला भाग. पशुवैद्यकीच्या पाच वर्षांत हे मला कुणी शिकवलं नाही. ते मी तिसरीत असताना कळंबच्या माळावर तुमच्याकडून शिकले.

विहारातल्या शोकसभेत सगळे बोलले. तुमची कारखान्यातली फिटरची नोकरी, दोन एकर डाळिंब, विहाराच्या बांधकामाला तुम्ही दिलेली मेहनत, सगळं सांगून झालं. तुमच्या शिकारीचं मात्र कुणी नाव काढलं नाही. अण्णा तुमचे सख्खे थोरले भाऊ, माझे वडील, सगळ्यात जास्त वेळ तेच बोलले; पण तेही त्या वाटेला गेले नाहीत. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात. मला मात्र शिकारीचंच बोलायचं आहे, कारण त्यात माझी एक चूक अडकलेली आहे. अकरा वर्षं ती मी तुम्हाला सांगितली नाही. तुम्ही असताना सांगायची होती, ते जमलं नाही, म्हणून आता लिहिते.

सशाची शिकार तेव्हाही बंदच होती. तुम्हाला ते माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, फॉरेस्टच्या गार्डला तर होतंच. मी आता सरकारी पशुवैद्य असल्यामुळं हे लिहिताना जरा कसंतरीच होतं. पण गुळगुळीत लिहिलं तर तुम्हीच हसाल. ऊसतोड संपत आली की फडातले ससे शेवटच्या चार-सहा सऱ्यांत गोळा व्हायचे. तुम्ही टोकाला जाळं लावून उकिडवे बसायचात, शेजारी कान टवकारून आपला कुत्रा टिप्या, आणि मागं पिशवी धरून मी. तुमचा मुलगा सुहास भित्रा, तो कधी आला नाही. मला तुम्ही नेलंत आणि काकीची बोलणी खाल्लीत. पोरीच्या जातीला रक्त कशाला दाखवता, असं ती म्हणायची. तुम्ही म्हणायचात, ही डाक्टरीण व्हनार हाय, रक्ताला भ्यायली तर कसं चालंल. माझं डॉक्टरकीचं सगळ्यात आधी तुमच्या तोंडून निघालं, माझ्या मनात ते पुष्कळ उशिरा आलं.

ससा हातात आला की तुम्ही घाई करत नव्हता. आधी कान उलटा करून बघायचात. चार-दोन गोचीड दिसले तर म्हणायचात, एवढं तर आपल्या बैलालाबी असत्यात. कान आतून गोचिडांनी भरलेला असला की नुसती मान हलवायचात. मग पाठीवरून आणि मांडीवरून बोट फिरवायचात, कातड्याखाली पाण्याचा फुगा लागतोय का ते बघायला. शेवटी पोट. आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याला भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मणी चिकटलेले दिसले, किंवा काळजावर पांढऱ्या रेघा दिसल्या, की ससा गेला. “साबुदान्याचा हाय ह्यो. आपल्यात उपास न्हाय, तवा साबुदानाबी नगं,” असं म्हणून तुम्ही हसायचात, आणि आठवडाभर वाट बघून मिळालेला ससा बाजूला टाकायचात. घरी पातेलं चुलीवर चढलेलं असायचं. काकी रिकाम्या पिशवीकडं बघायची आणि मुकाट्यानं पिठलं टाकायची.

चांगला असो की वाईट, त्यातला पहिला वाटा टिप्याचा, हा तुमचा नियम. ससा त्यानं उठवला, म्हणून आधी त्यानं खायचं; माणसांचं नंतर. चांगल्या सशाची आतडी त्याला मिळायची आणि साबुदाण्याचा ससा निघाला तर अख्खाच. मी एकदा विचारलं होतं, आपल्याला जे चालत नाही ते त्याला कसं चालतं? कुत्र्याला खिळाबी पचतो, असं तुम्ही म्हणालात. तुमच्या सगळ्या विद्येत एवढं एकच भोक होतं. घरच्या माणसांना तुम्ही इतकं जपायचात आणि कुत्र्याच्या पोटात काय जातं याचा विचार करायचं राहून जायचं.

अण्णांचं आणि तुमचं भांडण वेगळंच होतं. पौर्णिमेला विहारात सगळे पंचशील म्हणायचे. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. ते आलं की तुमचे ओठ हलायचे आणि आवाज यायचा नाही. दुसऱ्या शीलापासून असा खणखणीत लागायचा की पुढच्या बायका वळून बघायच्या. अण्णा शाळामास्तर, त्यांना मागच्या बाकावरचं सगळं ऐकू येतं. घरी येताना ते म्हणायचे, तू चार शिलांचाच माणूस राहणार. तुम्ही म्हणायचात, चार तर पाळतो, पाची म्हननाऱ्यांनी किती पाळली ती आधी मोजा. दारूला तुम्ही कधी शिवला नाहीत, खोटं बोलला नाहीत, त्यामुळं अण्णांना पुढं बोलता यायचं नाही. मला मात्र तुमची लाज वाटायची असं नाही. उलट वाटायचं, जे पाळत नाही ते मोठ्यानं म्हणायचं नाही, एवढा प्रामाणिक माणूस अख्ख्या विहारात एकच आहे.

मी शिरवळला पशुवैद्यकीला गेले, त्या पहिल्या वर्षी तुम्ही एसटीच्या ड्रायव्हरकडं लोणच्याची बरणी पाठवलीत. खोलीतल्या मैत्रिणी धावत आल्या. बरणीवर वहीचा कागद चिकटवलेला, तुमच्या वाकड्या अक्षरात: डाक्टरीणबाईंना, शिकायला. खाऊ नये. आत मिठाच्या पाण्यात सशाच्या पोटातला पडदा, मण्यांसकट. मैत्रिणी किंचाळल्या, मी मात्र ती बरणी मिरवत सरांकडं नेली. सरांनी ती बघितली, औषधाच्या पाण्यात नीट ठेवली आणि विभागाच्या कपाटात मांडली. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आपल्या घरचं कायतरी कालेजात गेलं म्हनायचं.

दुसऱ्या वर्षी काकीच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून काढलं, मग बारामतीला सोनोग्राफी केली. काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याची मोठी गाठ निघाली. जंताची गाठ, कुत्र्यापासून होते, असं डॉक्टर म्हणाले आणि ऑपरेशनला पुण्याला पाठवलं. मी कॉलेजातून थेट दवाखान्यात आले. त्याच महिन्यात आमचं जंतांचं प्रकरण शिकवून झालं होतं. डोक्यात सगळं ताजं होतं, आणि अर्धवट होतं. तुम्ही ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता, शेजारी अण्णा, समोर काकीच्या माहेरची माणसं. मी उभी राहून शिकवल्यासारखी बोलले.

“तात्या, हे तुमच्या सशांमुळं झालंय. सशाच्या पोटातला साबुदाणा टिप्याच्या पोटात जातो, टिप्याचं तुमच्या हाताला लागतं, आणि त्याच हातानं तुम्ही घरात जेवता.”

तुम्ही दोन्ही हात उलटे करून बघितलेत. “व्हय?” एवढंच म्हणालात. आणि जरा वेळानं, “मला कुनी सांगितलंच न्हाय गं.”

तेव्हा मला तुमची दया आली नाही, तात्या. मला वाटलं, झालं एकदाचं, शिकलेल्या माणसाचा घराला उपयोग झाला.

काकी बरी झाली. चार महिन्यांनी माझी तोंडी परीक्षा होती. सरांनी टेबलावर दोन बरण्या ठेवल्या. त्यातली एक तुमची होती. कागद काढलेला, पण बरणीच्या गळ्याला तुम्ही बांधलेली सुतळी तशीच होती. सरांनी तिच्यावर बोट ठेवून विचारलं, हा माणसाला होतो का? मी ठासून म्हणाले, होतो सर, आमच्या घरात झालाय. सर हसले नाहीत. म्हणाले, हा होत नाही. पुन्हा वाचा.

मी पुन्हा वाचलं. तेव्हापासून इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. सशातले ते मणी एका जंताचे. तो ससा आणि कुत्रा यांच्यातच फिरतो, काकीला झाली तसली गाठ त्यानं होत नाही. काकीच्या काळजातली गाठ दुसऱ्याच जंताची. तो शेळ्यामेंढ्यांतून कुत्र्यात जातो आणि कुत्र्यातून माणसात. गावात बोकड कापला की गाठी असलेलं फुफ्फुस उकिरड्यावर भिरकावतात आणि गावची सगळी कुत्री त्यावर तुटून पडतात. कोणत्या कुत्र्यामुळं काकीला झालं, कधी झालं, ते कुणालाच सांगता यायचं नाही. गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. टिप्याची हमी मी देत नाही, तोही उकिरड्यावर जायचाच. पण तुमच्या सशांची देते. दोन्ही जंत मला एकाच तासाला शिकवले होते आणि मी दोघांची एकच गोष्ट करून टाकली.

सुट्टी लागल्या लागल्या मी घरी आले, तुम्हाला हे सांगायलाच आले होते. तुम्ही जाळं जाळून टाकलेलं. टिप्याला डाळजला मेव्हण्याच्या मळ्यावर सोडून आलेला. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती, आणि विहारात पहिलं शील आलं तेव्हा तुमचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. अण्णा चष्मा काढून डोळे पुसत होते. परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जे मला वीस वर्षांत जमलं नाही ते तू एका वाक्यात केलंस. माझं तोंड उघडलेलं होतं, ते मी मिटलं. खोटं कशाला सांगू, अण्णांचं ते बोलणं मला गोड लागलं.

पुढं सबबी आपोआप मिळत गेल्या. सांगितलं तर तुम्ही परत माळावर जाल, एखाद्या दिवशी फॉरेस्टवाले धरतील. नाहीतरी बंदच आहे. नाहीतरी ससे कमी झालेत. काकी घाबरेल. पुढच्या सुट्टीत सांगू. नोकरी लागल्यावर सांगू. यातली एकही सबब खोटी नव्हती, पण खरी गोष्ट एवढीच होती की मी चुकले होते आणि माझ्या चुकीचं कौतुक झालं होतं.

मी इंदापूर तालुक्यात दवाखान्यावर आले तेव्हापासून तुम्ही दर गुरुवारी यायचात. व्हरांड्यातल्या बाकावर बसून आलेल्या जनावरांची परीक्षा घ्यायचात, माझ्याआधी. आपला वाद तिथंच रंगायचा. मी म्हणायचे, आत काय आहे ते लेंडी तपासल्याशिवाय नाही तर कापल्याशिवाय कळत नाही. तुम्ही म्हणायचात, कापल्यावर कुनीबी सांगंल, बसल्यालं वळखाय पायजे. साबुदाण्याचा ससा उठायला अर्धा क्षण उशीर करतो, शेवटपर्यंत बसून राहतो, असं तुमचं म्हणणं. एकदा पिंपळीहून एकानं दहा शेळ्या आणल्या. तुम्ही बाकावरूनच त्यातल्या तीन दाखवल्यात. तपासणीत त्या तिन्ही जंताच्या निघाल्या, आणि शिवाय एक चौथी. मी चौथीवरून तुम्हाला महिनाभर चिडवलं. तीनचं कौतुक मात्र केलं नाही. वाद तसाच राहिला तात्या, आणि आता मला तो हरायचा आहे. शेवटच्या गुरुवारी तुम्ही बाकावरून उठायला उशीर केलात. मी दारातून हसून म्हणाले, काय तात्या, साबुदाणा झाला की काय? तुम्हीही हसलात. छातीत दुखतंय हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मला बसलेलं माणूस ओळखता आलं नाही.

काल तुमचा जलदानविधी झाला. दुपारी पाहुणे गेले. सुहास मंडपवाल्याकडं गेला. मी आणि काकी मागच्या पडवीत भांडी लावत बसलो होतो. तुम्हाला सांगता आलं नाही, निदान ज्या बाईच्या काळजात गाठ होती तिला तरी सांगावं, असं सकाळपासून मनात होतं. मी सांगितलं. सशाचा जंत वेगळा, शेळीमेंढीचा वेगळा, मी दोन्ही एक केले, सगळं सांगितलं. काकीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“म्हंजी त्येंच्या हातानं न्हाय झालं?”

“नाही काकी.”

“आन तुला कवा कळलं?”

“त्याच वर्षी.”

ती उठली, आतल्या खिडकीतून एक स्टीलचा पेला आणि एक ताट घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, हे त्यांचं. ऑपरेशनहून आल्यापासून ते यातच जेवत होते, यातच पाणी पीत होते. स्वतः घासायचे, स्वतः खिडकीत ठेवायचे, दुसऱ्या भांड्यांत मिसळू द्यायचे नाहीत. ती भांडली, रडली, दोन दिवस जेवली नाही, तरी त्यांनी ऐकलं नाही.

“म्हनायचे, पोरगी शिकल्याली हाय, उगं बोलायची न्हाय. माझ्या हाताला काय हाय कुनाला म्हाईत. नातीचा मुका कवा घेतला न्हाय त्या मानसानं. लांबनंच हात हलवायचे.” मग माझ्याकडं बघून, आवाज न चढवता म्हणाली, “तुला सांगाय काय झालं व्हतं?”

दवाखान्यात तुम्ही माझ्याकडं कधी चहा घेतला नाहीत, ते मला तेव्हा आठवलं. मला वाटायचं, पित्त आहे तुम्हाला. सुहासची पोर तुमच्याकडं झेपावायची आणि तुम्ही टोपी सारखी करत मागं सरायचात. मला वाटायचं, जुनी माणसं अशीच असतात. गुरुवारचे गुरुवार मी तुमच्यासमोर जनावरं तपासत होते, तुमच्याकडं मात्र नीट बघितलं नाही.

तुमचे वडील, माझे आजोबा, गावातल्या हॉटेलात आत जाऊ शकत नव्हते. बाहेरच्या भिंतीला त्यांचा वेगळा कप टांगलेला असायचा, पिऊन झालं की स्वतः विसळून परत टांगायचा. हे तुम्हीच मला सांगितलेलं. आपल्या घरात असला कप पुन्हा कधी येणार नाही, असं म्हणायचात. तो तुम्ही पुन्हा आणलात. तुमच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं, स्वतःसाठी. कुणी जबरदस्ती केली नव्हती, नुसता माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. तात्या, मला याची माफी कुणाकडं मागायची ते कळत नाही.

काकीनं स्टोव्ह पेटवला आणि चहा टाकला. झाल्यावर तो तुमच्या पेल्यात ओतला आणि निम्मा प्याली. उरलेला माझ्या पुढं धरला आणि म्हणाली, “घे. उष्टा हाय.” मी घेतला. तेवढ्यात नात आतून आली, तिलाही पाहिजे म्हणाली, तर काकीनं तिला मांडीवर घेऊन तोच पेला तिच्या तोंडाला लावला. पोरीनं तळाची साखर बोटानं काढून खाल्ली आणि तेच बोट काकीच्या तोंडात घातलं. काकी तेव्हा रडली, सकाळपासून पहिल्यांदा.

तात्या, तुमच्या हाताला काहीही नव्हतं.